हयातीचा दाखला

माझे नवऱ्यावर प्रेम आहे ही गोष्ट सांगलीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात, सातबारा आणि आधार कार्डे हातात घेऊन उभ्या असलेल्या सात-आठ माणसांसमोर जाहीर होईल, असे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितले नव्हते. परवा ते झाले. नवरा लेस्टरला स्थायिक आहे आणि त्याच्याकडे राहायला जायचे, तर आमचे लग्न खरे असून अद्याप चालू असल्याचे पुरावे ब्रिटिश सरकारला द्यावे लागतात. एजंटला ते सगळे कागदावर हवे होते, म्हणून व्हॉट्सॅपवरच्या गप्पांची निवडक पाने पेनड्राइव्हवर घेऊन मी गेले.

"वहिनी, हे 'पिल्लू'वालं पान रंगीत काढायचं का साधं?" दुकानातल्या पोराने प्रिंटरच्या वर आवाज चढवून विचारले.

साधे, असे मी पुटपुटले. तोवर रांगेतल्या एका काकांनी ट्रेमध्ये पडलेली पाने उचलून, कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन वाचायला सुरुवातही केली होती. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले होते, हे त्यांनी प्रत्येक पान उलटताना अंगठा जिभेला लावला तेव्हाच माझ्या लक्षात आले.

"यात प्रेम कुठंय?" चार पानांनंतर त्यांनी विचारले. "सिलिंडर आला का, आईच्या गुडघ्याला तेल लावलं का, पासबुक भरून आण. ही तर घरखर्चाची फाईल झाली."

"काका, लग्नाला दोन वर्षं झाली."

"मग भांडणं कुठायत? ती वर लावा. खोटं लग्न लावणारी माणसं सिलिंडरवरून भांडत नाहीत. आणि पाठपोट काढू नका, साहेब मागची बाजू बघत नाही."

मला संताप आला होता. पण सल्ला बिनतोड होता. गेल्या गणपतीत आम्ही मोदकांच्या सारणावरून सलग तीन दिवस भांडलो होतो, ते मी रांगेत उभ्या उभ्या मोबाईलमध्ये शोधले आणि पोराकडे पाठवले. काकांनी तेही वाचले आणि नवऱ्याची बाजू घेतली.

मुळात तो अर्जच आमच्यासारख्यांसाठी केलेला नाही. पहिली प्रत्यक्ष भेट कधी झाली आणि नाते कधी सुरू झाले, असे त्यात दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्याकडे सकाळी अकराला कांदेपोहे झाले आणि संध्याकाळी मामांनी होकार कळवला. मधल्या सात तासांत आमचे नक्की काय चालू होते, हे मलाही सांगता येणार नाही. शिवाय क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र हवे, आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड याप्रमाणे 33 महिन्यांच्या व्हिसासाठी 3,105 पौंड आधीच भरायचा, आणि नवऱ्याची कमाई वर्षाला किमान 29,000 पौंड हवी. एप्रिल 2024 पर्यंत हाच आकडा 18,600 होता. त्याहून कमी पगारावर वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची उस्तवार करणाऱ्याने बायकोला फोनवरच पाहावे, असा याचा सरळ अर्थ होतो, आणि यात मला काही केल्या विनोद सापडत नाही.

"मनाला लावून घेऊ नका," काका म्हणाले. त्यांनी पिशवीतून स्वतःचा कागद काढला. तो निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला होता. "मी दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचं सिद्ध करतो. मागच्या वर्षी समोर उभा होतो, तरी बाई म्हणाली, अंगठा जुळत नाही. तुमचं तर नुसतं लग्नच जिवंत आहे म्हणायचंय."

एवढे बोलून ते माझ्या पुढे घुसले आणि आपल्या दाखल्याच्या दोन प्रती काढून घेऊन निघून गेले.

माझी 143 पाने झाली. घरी येऊन बिल पाहिले, तर त्यात दहा रुपये जास्तीचे लावलेले होते. 'पिल्लू'चे पान पोराने रंगीतच काढले होते.