वही भरली की गाव निरोगी

एमबीबीएसच्या इंटर्नशिपमधले पीएसएमचे, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे, १२ आठवडे ही नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला मिळालेली सरकारमान्य सुट्टी आहे, हे आधी मनात पक्कं करा. नियमावलीत प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र असले शब्द वाचून काही भाबडी मुलं बिचकतात. त्यांना सांगा, शेवटी तुमच्याकडून मागितलं जातं ते एकच: सह्यांनी भरलेलं लॉगबुक. गाव तिथे निमित्तमात्र आहे.

तेव्हा सुरुवात पाळ्या लावण्यापासून करा. आठ जणांची बॅच असेल तर रोज दोघांनी काळीपिवळीत बसावं, बाकीच्या सहांनी हॉस्टेलवर राहून ग्रामीण आरोग्याची चिंता करावी.

घरोघरी सर्वेक्षण मात्र टळत नाही. त्याला सकाळी अकराला निघा. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत निघालात तर फारच उत्तम. माणसं घरी सापडतात ती सकाळी सातच्या आत, नाहीतर दिवेलागणीला. अकरा वाजता सापडतात ती कुलपं आणि ऐकू न येणाऱ्या आजीबाई. ‘घर बंद’ ही पूर्णपणे वैध नोंद आहे. उरलेली घरं डांबरी रस्त्याच्या कडेची निवडा. अंगणवाडी तिथेच असते, तिथल्या मुलांचं लसीकरण पूर्ण असतं, त्यामुळे तुमचा टक्का देखणा येतो. नाल्यापलीकडच्या वस्तीत गेलात तर तो विनाकारण घसरेल. पुस्तकात ३० समूह आणि प्रत्येकी ७ मुलं अशी नमुना पद्धत दिली आहे आणि पहिलं घर चिठ्ठ्या टाकून काढा असं म्हटलं आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला ऊन लागत नव्हतं.

फॉर्मवर दरमहा दरडोई उत्पन्नाचा रकाना असतो, कारण घराचा आर्थिक वर्ग ठरवणारं बी. जी. प्रसाद वर्गीकरण त्याशिवाय जमत नाही. आता ज्या घरात पैसा वर्षातून एकदा कापूस विकला की येतो आणि उधारी फेडून आठवड्यात संपतो, तिथला बाप दरमहा आकडा कुठून सांगणार? विचारत बसू नका. भिंतीकडे बघा, छपराकडे बघा आणि वर्ग चौथा लिहा.

खरा धोका विहिरीचा. एखादे उत्साही सर ‘आज निर्जंतुकीकरण करून दाखवा’ म्हणतील. रीतसर करायचं तर व्यास आणि पाण्याची खोली मोजावी लागते. ४ मीटर व्यास आणि ३ मीटर पाणी म्हणजे सुमारे ३७,६८० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम या हिशेबाने ९४ ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, मग बादली भरून पाच-दहा मिनिटं थांबायचं, चुना तळाशी बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती विहिरीत सोडायची आणि वर-खाली हलवायची. तळचा चुना विहिरीत टाकायचा नाही, पाणी जड होतं. मग तासभर कुणाला पाणी भरू द्यायचं नाही. हे सगळं टाळून दोन ओंजळी पावडर काठावरून भिरकावली की फोटो छान येतो, पांढरा धूर वगैरे.

शिवाय ९४ ग्रॅमचा हिशेब पावडरीत ३३ टक्के क्लोरीन आहे असं धरून केलेला. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात, पावसाळाभर तोंड उघडं असलेल्या पोत्यात तेवढा उरतो का, हे विचारायच्या फंदात पडू नका. तो १० टक्क्यांवर आला असेल तर तिप्पट पावडर लागेल, मग जलसुरक्षक वैतागेल, ग्रामसेवक वैतागेल आणि पोतं नवीन मागवावं लागेल. त्यापेक्षा पाण्यातला क्लोरीन रंगावरून बघणाऱ्या ओटी टेस्टची युक्ती शिका. मोकळा क्लोरीन बघायचा तर थेंब टाकल्यावर दहा सेकंदांत रंग वाचायचा असतो. तुम्ही मात्र निवांत चहा घ्या. पंधरा मिनिटांनी इतर पदार्थांशी जोडलेला, कमी कामाचा संयुक्त क्लोरीनही रंग देतो, पिवळा गडद होतो आणि गाव पास होतं. जुलाबाची साथ आलीच तर ती पुढच्या बॅचच्या पोस्टिंगमध्ये येईल.

लसीकरण सत्राला लशींच्या बॉक्सपासून लांब उभे राहा. आइसपॅक हलवून आत पाण्याचा आवाज येतो का, हे सिस्टर बघतात. कडक गोठलेले पॅक ठेवले तर पेंटा लस गोठते आणि वाया जाते, हेही त्यांनाच ठाऊक. बाटलीवरच्या व्हीव्हीएमचा, म्हणजे उष्णतेने काळवंडणाऱ्या खुणेचा, आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका काळा झाला आहे का, हे बघण्याची सवय लावून घेतलीत तर एखाद दिवशी बाटली टाकून द्यावी लागेल आणि वीज किती तास नव्हती हा अप्रिय विषय निघेल.

मुलांचा दंड मोजायची पट्टीही चोंबडी असते. ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली की मूल तीव्र कुपोषित, मग ग्राम बाल विकास केंद्र, पाठपुरावा, आईची समजूत घालणं आणि रोजाला जाणाऱ्या तिचा बुडालेला दिवस. पट्टी जरा सैल धरा. ११.४ चे ११.६ होतात आणि तालुक्याचा आलेख सुधारतो. गरोदर बायांचा बीपी एकसारखा १२०/८० लिहू नका, तेवढी अक्कल आता परीक्षकांनाही आली आहे. ११८/७६, १२२/८० असं आलटून पालटून लिहा. कुणाला १५०/१०० असला तरी कफ न बांधता तो दिसायची भीती नाही.

आशाताईंशी फार बोलू नका. कुठल्या घरात बाळंतीण माहेरून परत आली, कोण ऊसतोडीला गेलं, कुणाचा नवरा टीबीच्या गोळ्या दुसऱ्या महिन्यात सोडून बसला, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं. ऐकलंत तर जावं लागेल. मेळघाटात पोस्टिंग असेल तर कोरकू येत नाही ही सबब तयार आहेच. ती शिकायची गरज नाही, आशाताई मराठीत सांगतात तेवढंच लिहा. घरात बाई दोन मिनिटं बोलली आणि भाषांतर ‘काही त्रास नाही’ एवढंच आलं, तरी पेन थांबवू नका.

पुढे बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष येतं. अशाच एखाद्या केंद्रावर रात्री अडीचला तुम्ही एकटे असाल आणि दारात ट्रॅक्टरवरून सर्पदंशाचा माणूस येईल. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घ्यायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग तिरपी करून गोठलं का बघायचं. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाने धुतलेली असली तर निकाल चुकतो. गोठलं नाही तर १० व्हायल एएसव्ही, म्हणजे सर्पविषावरचा उतारा, रिअॅक्शनसाठी अॅड्रेनालिन हाताशी ठेवून. हे पोस्टिंगमध्ये कुणी दाखवलं होतं का, असा विचार तेव्हा करू नका. त्या दिवशी पाळी बहुधा दुसऱ्याची होती. रेफरची चिठ्ठी लिहा, १०८ बोलवा आणि वेळ नीट टाका, म्हणजे मृत्यू वाटेत झाला हे कागदावर स्पष्ट राहील.