ग्लूटेनचा त्रास ‘खोटा ठरला’ म्हणे! संशोधनात नेमकं काय आहे?

ग्लूटेन म्हणजे गव्हातलं एक प्रथिन. त्याबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय: ‘ग्लूटेनने पोट बिघडतं हे ज्या शास्त्रज्ञाने शोधलं, त्यानेच दोन वर्षांत स्वतःचं संशोधन खोटं ठरवलं. गव्हाने कुणालाच काही होत नाही, सगळं मनाचे खेळ.’ शास्त्रज्ञ म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाचे पीटर गिब्सन. त्यांच्या गटाचे २०११ आणि २०१३ चे शोधनिबंध शेजारी ठेवून वाचले, तर या मजकुरातलं फार थोडं टिकतं.

‘त्यानेच शोधलं.’ नाही. सिलिअ‍ॅक आजार (ग्लूटेनमुळे आतड्याचं अस्तर खराब करणारा) नसताना ग्लूटेनने त्रास होणाऱ्या रुग्णांच्या नोंदी १९७८ आणि १९८० मध्येच छापून आल्या होत्या. गिब्सन यांच्या गटाने या तक्रारीची डबल ब्लाइंड चाचणी घेतली, म्हणजे कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. आयबीएसचे (पोटदुखी, पोट फुगणं, शौचाच्या तक्रारी असा आतड्याचा जुनाट त्रास) ३४ रुग्ण, सिलिअ‍ॅक नसल्याची खात्री केलेले, ग्लूटेन सोडून बरं वाटत असलेले. त्यांना रोज पावाचे दोन स्लाइस आणि एक मफिन, सहा आठवड्यांपर्यंत. ग्लूटेनवाल्या गटाच्या खाण्यात दिवसाला १६ ग्रॅम ग्लूटेन. त्रास आटोक्यात नसल्याचं ग्लूटेन गटात १९ पैकी १३ जणांनी सांगितलं, दुसऱ्या गटात १५ पैकी ६ जणांनी.

‘स्वतःचं संशोधन खोटं ठरवलं.’ २०११ चा निबंध मागे घेतलेला नाही. मात्र त्यात एक फट होती: बाकीचं जेवण ज्याचं त्याचं होतं. २०१३ मध्ये ती बुजवली. ३७ जणांना आधी दोन आठवडे कमी फॉडमॅपचा आहार दिला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि पुढे मोठ्या आतड्यात आंबणारी कर्बोदकं. एवढ्यानेच त्यांचा त्रास उतरला. मग प्रत्येकाला आलटूनपालटून एकेक आठवडा तीन आहार: १६ ग्रॅम ग्लूटेन, २ ग्रॅम ग्लूटेन आणि १४ ग्रॅम व्हे प्रोटीन (दुधातलं प्रथिन), किंवा नुसतं १६ ग्रॅम व्हे. त्रास तिन्हींत सारखाच वाढला. खास ग्लूटेननेच बिघडलेले फक्त ८ टक्के निघाले, आणि ३७ पैकी २२ जणांची तीन-तीन दिवसांची फेरचाचणी घेतल्यावर तोही परिणाम पुन्हा दिसला नाही.

इथे फिरत्या मजकुराला थोडा आधार मिळतो, हे मान्य करायला हवं. ‘आता त्रास होणार’ या धास्तीनेही पोट खरंच बिघडतं. पण ३७ आयबीएस रुग्णांवरून ‘जगात कुणालाच नाही’ असा निष्कर्ष त्या निबंधात कुठेही नाही.

‘म्हणजे गव्हाने काही होत नाही.’ ही सगळ्यात मोठी उडी. गव्हात ग्लूटेनसोबत फ्रुक्टान असतं. ते फॉडमॅपच, ते पचवणारं एन्झाइम माणसाकडे नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचा वायू करतात, पोट फुगतं. गहू सोडला की फ्रुक्टानही कमी होतं आणि श्रेय जातं ग्लूटेन सोडल्याला. २०१८ मध्ये नॉर्वेतल्या गटाने ५९ जणांना आठवडाभर ग्लूटेनचे, फ्रुक्टानचे आणि दोन्ही नसलेले, एकसारखे दिसणारे बार दिले. सर्वाधिक त्रास २४ जणांना फ्रुक्टानने झाला, १३ जणांना ग्लूटेनने, आणि २२ जणांना काहीच नसलेल्या बारने! तक्रार खरी असू शकते, फक्त आरोपी चुकतो. अशा माणसाला गहू सोडूनही कांदा-लसणाने त्रास होतो, कारण फ्रुक्टान त्यांतही आहे.

‘ग्लूटेन-फ्री हे फॅड.’ सिलिअ‍ॅक रुग्णांना हे सांगणं घातक आहे. त्यांना चाचण्यांत घेतलंच नव्हतं. तो ऑटोइम्यून आजार आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते, साधारण १०० त एकाला असतो, आणि ग्लूटेन आयुष्यभर बंद हाच उपचार. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पावाचा जेमतेम कण, काही महिने पोटात गेला तरी आतड्याचं अस्तर बिघडू शकतं.

उलट बाजूची चूकही तितकीच होते: शंका आली की आधी गहू बंद आणि तपासणी मागून. मग या आजाराची खूण असलेली रक्तातली टीटीजी-आयजीए अँटीबॉडी खाली येते, अस्तर भरून येतं आणि आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल. तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन हवं. सोबत एकूण आयजीए (अँटीबॉडीचा एक प्रकार) मोजावं. तेच मुळात कमी असेल तर टीटीजी-आयजीए फसवं निगेटिव्ह येतं. गहू आधीच सुटला असेल आणि पुन्हा सुरू करणं झेपत नसेल, तर एचएलए डीक्यू२/डीक्यू८ ही जनुकीय तपासणी करता येते. दोन्ही निगेटिव्ह आली, तर सिलिअ‍ॅक जवळपास निकालात निघतो. पॉझिटिव्ह आल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.