आवाज गेला नव्हता, काढून घेतला होता

आम्ही भुताचा पिक्चर बघायला गेलो आणि टॉकीजवाल्यानं इंटरव्हलनंतर आवाज कमी केला. पिक्चरला आवाज किती पाहिजे, हा वाद तिथून सुरू झाला.  रात्री साडेनऊची वेळ, लातूरच्या गंजगोलाई बाजारामागची टपरी, आम्ही नेहमीचे चौघं: मामा, सर, डॉल्बी आणि मी. डॉल्बी तापला होता.

डॉल्बी म्हणजे आमचा डीजेवाला. पाळण्यातलं नाव आता कुणाच्या तोंडात नाही. चार बेस, दोन टॉप आणि एक जनरेटर ही त्याची इस्टेट. साधं "चहा सांग" म्हणायचं तरी पलीकडच्या दुकानदारानं वळून बघितलं पाहिजे असं बोलतो.

"पैसे मोजून गेलाव आमी. भुताचा पिक्चर हाय. छाती हादरली न्हाई तर भूत बघायचं कशाला? आवाज कमी करून पिक्चर दाखवणं म्हणजे मिरची काढून ठेचा वाढणं."

मामांनी बशीतला चहा संपवला. "तुझी छाती कशानं हादरली?"

"बेसनं."

"मग भूत कुठं होतं?"

सर फसकन हसले. डॉल्बीला काही सुचेना, म्हणून त्यानं टपरीवाल्यालाच चहात साखर कमी म्हणून झापलं.

मामांनी उभी हयात ऑपरेटरकी केली. आधी जत्रेतल्या तंबूत, मग थेटरात. आम्ही पडदा बघितला, त्यांनी केबिनच्या भोकातून पडदा आणि पब्लिक दोन्ही बघितलं. त्यामुळं पिक्चरबद्दल सरांचं वाचन एका बाजूला आणि मामांचा शब्द एका बाजूला ठेवला, तर मी मामांकडं जातो. उगाच लपवत नाही.

"माळेगावच्या जत्रेची गोष्ट," मामा म्हणाले. "पिक्चरमधी माय मरते असा सीन. तंबूत बायामाणसं हुंदके देऊन रडालते. तेवढ्यात साउंडचा दिवा गेला. चित्र चालू, आवाज बंद. पडद्यावर तीच माय, तेच पोरगं, डोळ्यांत तेच पाणी. पोरगं नुसतं तोंड वासालतं. घटकाभर शांत. मग मागं एक पोरगी फिसकन हसली. आन मग अख्खा तंबू! ज्या बाया रडालत्या त्याच पदर तोंडाला लावून हसालत्या. मी चटका खाऊन दिवा बदलला, आवाज आला, आन पुन्हा सगळे गपगार. जरा वेळानं पुन्हा हुंदके. त्या दिवशी कळलं, रडू डोळ्यातनं येत असलं तरी आत जातंय कानातनं."

साउंडचा दिवा म्हणजे एक्सायटर लॅम्प. फिल्मच्या कडेला आवाजाची बारीक पट्टी असायची. या दिव्याचा उजेड तिच्यातून पलीकडच्या, उजेडाची वीज करणाऱ्या फोटोसेलवर पडायचा आणि त्या कमीजास्त उजेडाचा आवाज व्हायचा. पट्टी वाचायची जागा चित्राच्या खिडकीपासून दूर, म्हणून फिल्मवर आवाज चित्राच्या वीसेक फ्रेम पुढं छापलेला. सेकंदाला २४ फ्रेम. रीळ चढवताना फिल्मचा ढिला वळसा, म्हणजे लूप, चुकला की दार आधी लागायचं आणि 'धाड्' मागून यायचं. मामा म्हणतात, एवढ्याशा फरकानं व्हिलन जोकर व्हायचा.

सरांना राहवलं नाही. "हिचकॉकला 'सायको'मधल्या न्हाणीघराच्या सीनला संगीतच नको होतं. १९६०ची गोष्ट. संगीतकार बर्नार्ड हरमननं तरी नुसत्या व्हायोलिनच्या जातीच्या वाद्यांचं लिहून ऐकवलं, आणि हिचकॉकनं आपला शब्द मागं घेतला. आज तो सीन म्हटलं की लोकांना सुरीआधी ते व्हायोलिनचे किंचाळणारे गज आठवतात."

"बघा! म्हणजे आवाज पायजेच!" डॉल्बी.

"पण कुठं, ते ऐक की. शांतारामबापूंनी १९३७ साली 'कुंकू' केला, त्यात पार्श्वसंगीतच ठेवलं नाही. बोलपट येऊन जेमतेम पाच-सहा वर्षं झालेली. जो आवाज, तो त्या घरातला. गाण्याला साथसुद्धा घरातल्या वस्तूंची. म्हाताऱ्याशी लग्न लावून दिलेल्या त्या पोरीचं काय होतंय ते व्हायोलिन लावून सांगावं लागलं नाही."

"सर, तुमी १९३७ला व्हता का?"

"तू २०१६ला होतास ना?" मी विचारलं, आणि डॉल्बीचा चेहरा पडला. हे येणार, त्याला माहीत होतं.

'सैराट' आम्ही पहिल्याच आठवड्यात बघितला होता. शेवटचा सीन. माहेरची माणसं येऊन गेलीत. लेकरू शेजारणीसोबत परत येतं, दारातून आत जातं. आणि आवाज नाही. रडणं दिसतं, ऐकू येत नाही. आमचा डॉल्बी सीटवर उभा राहिला, दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली आणि केबिनकडं बघून ओरडला, "ए ऑपरेटर! आवाज!" तेवढ्यात फरशीवर ती इवलीशी रक्ताची पावलं उमटली. शिट्टीचा हात तसाच खाली आला. मग तो बसला आणि बाहेर येईपर्यंत बोलला नाही.

"मी रडलो नव्हतो. घाम व्हता तो."

"त्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येऊ लालतं," मामा म्हणाले, "आन हे बेनं डोळ्यातनं वाया घालवालतं."

टपरीवाला गाळणी हातात धरून हसत होता. पुढं बराच वेळ गाडी त्या उन्हाळ्यातल्या पाण्याच्या ड्रमवरच अडकली. डॉल्बीनं सरांचा एक ड्रम तेव्हा लग्नाच्या मांडवात नेला, तो अजून आलेला नाही. मी परत ओढून आणलं. "मामा, तंबूत आवाज गेला तर लोक हसले. 'सैराट'ला आवाज गेला तर मेल्यासारखे झाले. असं का?"

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही. "माझा गेला व्हता. नागराजनं काढून घेतला. माझ्या तंबूत लोकांना कळलं, मशीन बिघडली. तिथं तुला वाटलं, आपल्याच कानाला कायतरी झालं. आधी एवढी गाणी. किती वाजंत्री लावली व्हती त्या भावांनी?"

"थेट हॉलिवूडला जाऊन रेकॉर्ड केलं अजय-अतुलनी," सर म्हणाले.

"मग. आधी कानाला गोडधोड चारलं. मग शहरातलं साधं घर, पाहुणे, चहा. आन मग एकदम ताट ओढलं. आधी वाढलंच न्हाई तर ओढणार काय?"

याच्यावर मला बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. आजकालच्या पिक्चरवर माझा राग आहे तो नेमका हाच. पहिल्या मिनिटापासून ढोल, दार उघडलं तरी ढोल, हिरोनं मान वळवली तरी ढोल. शेवटी खरंच काही घडतं तेव्हा कान मेलेला असतो. 'शोले'त ठाकूरच्या घरची माणसं मारली जातात तेव्हा त्या झोपाळ्याची करकर ऐका. लोखंडावर लोखंड घासल्याचा एवढासा आवाज, पण पन्नासेक वर्षं झाली तरी करकरणारा झोपाळा ऐकला की पोटात कसंतरी होतं.

"पण बेसमधी पावर हाय, हे तर मानता?" डॉल्बी हट्टाला पेटला.

तेव्हा मी आईचं सांगितलं. कट्ट्यावर कधी काढलं नव्हतं. आमचं गाव औशाचं, किल्लारीच्या अंगाला. काही वर्षांपूर्वी आईला हौसेनं पिक्चरला नेलं. पडद्यावर एक बाई आरशासमोर केस विंचरतेय, बाकी काही नाही. खाली मात्र बारीक घरघर लावलेली, कळेल न कळेल अशी. आईनं माझं मनगट धरलं. बोटं थंडगार. "हाललं," म्हणाली, आणि चपला हातात घेऊन अंधारात पायऱ्या उतरायला लागली. बाहेर कठड्यावर बसून मला विचारते, "तुला ऐकू आलं न्हाई?" किल्लारीचा भूकंप. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून गाव झोपलेलं. तिला आधी जमिनीखालून आवाज आला होता, भिंत नंतर पडली. त्या पिक्चरच्या साउंडवाल्याला किल्लारी माहीत असायचं कारण नाही. त्यानं खोलातला एक सूर लावला, बाकीचं आईच्या आत होतंच.

कुणी बोललं नाही. टपरीवाल्यानं स्टोव्हची हवा सोडली, तो फुस्स आवाजही मोठा वाटला.

"तेच म्हणालाव मी," डॉल्बी हळूच म्हणाला. त्याला हळू बोलता येतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. "पावर हाय."

"हाय म्हणून तर सांगालाव," मामा म्हणाले. "तिखट हाय म्हणून कुणी मूठ भरून घालत न्हाई."

मग डॉल्बीनं खिशातून पुडी काढली, तळहातावर तंबाखू मळली, चुना लावला. महाशिवरात्रीला बायकोसमोर देवाची शपथ घेऊन सोडलेली तंबाखू ती हीच. चिमूट ओठाशी नेली, आणि कोपऱ्याआडून आवाज आला. स्कूटीचा. खडखड, खडखड, ढिल्या मडगार्डचा. अजून वळणावर उजेडसुद्धा पडला नव्हता.

डॉल्बीनं चिमूट टाकली, तळहात पँटला पुसला, पुडी सरांच्या खिशात कोंबली, ग्लासातल्या पाण्यानं चूळ भरली आणि शाळेतल्या पोरासारखा ताठ बसला. एवढं सगळं खडखड वळणापर्यंत येईस्तोवर.

वळणावरून दूधवाला आला. दोन्हीकडं रिकाम्या कॅन.

मामा हसता हसता कठड्यावरून घसरले. सरांना ठसका लागला. दूधवाला गाडी थांबवून विचारतोय, "काय झालं हो?", आणि आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. डॉल्बी सरांच्या खिशात हात घालून पुडी शोधत होता.