होऊ दे ती इमारत

आज सकाळी आमच्या कॉलनीतले दोघे काका सह्यांचा कागद घेऊन दारात आले. पुण्यात पौड रोडच्या आतल्या गल्लीतले दोन जुने बंगले विकले गेलेत. दोन्ही प्लॉट एकत्र करून तिथे सात मजली इमारत होणार आहे, वन आणि टू बीएचकेची. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कॉलनीचे स्वरूप वाचवा'. मी सही केली नाही. "ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती," म्हणाले आणि गेले. तेव्हापासून डोकं तापलंय. लिहिते, लांबलं तर लांबू दे.

कुठलं स्वरूप? आमची इमारत झाली तेव्हा आजूबाजूला कोथरूडची शेतं होती. बाबा सांगायचे, तेव्हा बंगलेवाले म्हणत, हे फ्लॅटवाले आले की नळाला पाणी राहायचं नाही, गल्लीची शांतता गेली. ते फ्लॅटवाले म्हणजे आपण! आज सह्या गोळा करणारे दोघेही फ्लॅटमध्येच राहतात. गाडीत चढून खिडकी पकडली की फलाटावरच्यांना 'आत जागा नाही' म्हणून ओरडायचं, तसं चाललंय हे.

मागच्या पावसाळ्यात आई बाथरूममध्ये घसरली. मी कामासाठी नाशिकला होते. दादाला फोन केला. दादा याच गल्लीत वाढला. पण लग्नानंतर इथे घर घेणं झेपेना, म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीला गेला. फोन आल्याबरोबर निघाला बिचारा, पण संध्याकाळची वेळ, त्यात पाऊस, नगर रोड तुंबलेला. तो खराडी बायपासलाच अडकला होता, तोवर शेजारच्या इमारतीत भाड्याने राहणारी लातूरची एक मुलगी आईला रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये घेऊन गेली होती, एक्स-रेसुद्धा झाला होता. दादा पोचला तेव्हा आईच्या मनगटाला प्लास्टर घालणं चालू होतं. तो मला फोनवर काहीच बोलला नाही. बराच वेळ नुसता गप्प होता.

त्या कागदावर एक ओळ अशीही आहे, की छोट्या फ्लॅटमुळे भाडेकरू वाढतील आणि 'बाहेरचे लोक' येतील. मला ही ओळ वाचून खरंच संताप आला. माझ्या आईला उचलणारी मुलगी बाहेरची? आणि ज्या कॉलनीत दादाला घर परवडत नाही, ती आतल्यांची?

पाण्याचं सगळे बोलतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, तेच चार धरणांचं पाणी, मान्य. पण माणूस वाघोलीला राहिला म्हणून तहान कमी लागते का? वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, तरी दादाची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर असते. इथे निदान पाइपलाइन आहे, ड्रेनेज आहे, शाळा, दवाखाने, भाजीवाले, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. पाइपलाइन जुनी आहे, लोड येईल, हे खरं. मग ती बदला म्हणून भांडू या ना महापालिकेशी. त्यासाठी कागद फिरवा, पहिली सही माझी.

आणि मेट्रो? वनाझ ते गरवारे २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली तेव्हा आपण सगळे हौसेने बसून आलो, फोटो टाकले. आता ती रामवाडीपर्यंत जाते. स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत जास्त एफएसआय, म्हणजे त्याच प्लॉटवर जास्त बांधकाम करू द्यायचं धोरण उगीच नाही केलेलं. हा प्लॉट स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर आहे. इथे माणसं राहायला येऊ द्यायची नाहीत, तर मेट्रो कुणासाठी बांधली? रामवाडीच्या पुढे गाडीवरून कोंडीत घुसमटणाऱ्या दादाला तिचा काय उपयोग?

माझ्या मित्रयादीतले निम्मे लोक २०२३ च्या एप्रिलमध्ये वेताळ टेकडी वाचवायच्या मोर्चात चालले होते. मीही होते. पण टेकडी वाचवायची, गल्लीही आहे तशी ठेवायची, मग लोकांनी राहायचं कुठे? शहरात जागा दिली नाही की ते कडेकडेने पसरतं, गावांची शेतं जातात, डोंगरउतार जातात. २०१७ ला ११ गावं महापालिकेत घेतली, २०२१ ला आणखी २३. अजून किती लांब ढकलणार आहोत आपण आपल्याच पोरांना?

पार्किंगचा त्रास होईल. होईलच, नाही म्हणत नाही. दोन वर्षं धूळ आणि आवाज सोसावा लागेल. आणि हो, नवा फ्लॅट काही स्वस्तात मिळणार नाही, दादाला तर नाहीच. पण नव्यात जाणारं कुटुंब कुठला तरी जुना फ्लॅट मोकळा करेल, तो कुणी तरी भाड्याने घेईल. ती लातूरची मुलगीसुद्धा अशाच एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते.

ज्या काकूंनी बंगला विकला त्यांच्याबद्दल जे बोललं जातंय ते वाचून वाईट वाटलं. 'पैशाच्या मागे लागल्या' म्हणे. काका गेल्यावर त्या एकट्या त्या घरात होत्या. गळकं छप्पर, पावसाळ्यात भिंतींना ओल, रात्री कुणी बेल वाजवली तर दार उघडायची भीती. आता त्यांना त्याच जागेवर लिफ्टच्या इमारतीत फ्लॅट मिळणार आहे. त्यांनी आपल्या डोळ्यांना बरं वाटावं म्हणून आयुष्यभर ओल सोसायची का?

कुंपणाकडेच्या आंब्याचं मलाही वाटतं. त्याच्या कैऱ्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्यात. म्हणून मी वेगळं पत्र लिहायला घेतलंय, महापालिकेला आणि त्या बिल्डरला. इमारतीला आमची हरकत नाही असं त्यात स्पष्ट लिहिणार आहे. आंबा कुंपणालगत आहे, तो राहील असा प्लॅन करा. पावसाचं पाणी जिरवायची सोय कागदावर नको, प्रत्यक्षात दाखवा. सळया आणि वाळूचे ट्रक रात्री दहानंतर गल्लीत आणू नका. बांधकामाच्या मजुरांसाठी नीट संडास आणि पिण्याचं पाणी ठेवा, त्यांची लहान मुलं असतात बरोबर. एवढंच मागणार आहे. कॉलनीतल्या ज्यांना पटतंय त्यांनी शनिवारी संध्याकाळी घरी या. दादाही येणार आहे, तोही सही करणार म्हणतोय.