ट्यूब प्रीॲम्प म्हणजे म्हाताऱ्यांचं रेडिओप्रेम? एका तिखट प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ,

प्रतिक्रिया सावजीच्या रश्श्यासारखी आली, आभार. 'छान माहिती' लिहून पळणाऱ्यांपेक्षा भांडणारा वाचक केव्हाही परवडला.

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात मांडतो. बेस गिटार वाजवणाऱ्याने मोठा ॲम्प घेण्याआधी एक बरा ट्यूब प्रीॲम्प (ॲम्पच्या आधी सिग्नल वाढवणारा, काचेच्या ट्यूबवर चालणारा छोटा डबा) घ्यावा, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की ट्यूबचं कौतुक म्हणजे म्हाताऱ्यांचं रेडिओप्रेम. मंडपात बेसचा टोन ऐकायला कोणी येत नाही. नागपूरच्या उन्हात आणि जनरेटरच्या विजेवर काचेची नळी टिकत नाही. रेकॉर्डिंगला प्लगइन, म्हणजे ट्यूबची नक्कल करणारी सॉफ्टवेअरं आहेत, आणि अमेरिकेतल्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन तर थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये वाजवत असे. एवढं सुनावून झाल्यावर शेवटी हळूच विचारलंत, की तुमच्या पाच तारांच्या ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेल्या) बेसबरोबर तुमच्या ट्यूब प्रीॲम्पचा आवाज फार लवकर फाटतो, काय करावं. म्हणजे घरात एक आहे तर!

मोठ्या ॲम्पचा मुद्दा एका वाक्यात संपतो. १९६९ मध्ये आलेल्या अँपेग एसव्हीटी या ट्यूबवाल्या बेस ॲम्पचं नुसतं हेड, म्हणजे स्पीकरशिवायचा डबा, ३५ किलोच्या पुढे भरतं, आठ स्पीकरांचं कॅबिनेट वेगळंच, आणि आपल्यापैकी बहुतेक जण कार्यक्रमाला दुचाकीवर जातात.

आता रेडिओप्रेम. बेसची सगळ्यात जाडी तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झचा ई निघतो. तुमच्या पाचव्या तारेचा बी तर ३१ हर्ट्झच्या जरासा खालीच. आपल्याकडच्या किती मंडपांत ४१ हर्ट्झ प्रामाणिकपणे वाजवणारे सबवूफर असतात? आणि असले तरी बेससाठी मोकळे कुठे असतात? तिथे ऑक्टोपॅडचा किक आधीच ठाण मांडून बसलेला असतो. कीबोर्डवाल्याचा डावा हात तुम्हाला न विचारता तुमचंच काम करून राहिलेला असतो. अशा गर्दीत श्रोत्याला बेस ओळखू येतो तो ८२, १२४, १६५ हर्ट्झवरच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या वरच्या सुरांमुळे. मूळ सूर ऐकू आला नाही, पण त्याचे वरचे हार्मोनिक्स ओळीने हजर असले, तर मेंदू तो मूळ सूर स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ निघत नाही, तरी बेस काय वाजवतोय ते कळतं. ते याच्याच जोरावर.

तारेत स्वतःचे हार्मोनिक्स असतात, हे कबूल. नव्या कोऱ्या राउंडवाउंड (गोल तारेचा वेढा असलेल्या) तारा असतील तर भरपूर असतात. पण आपल्यातला कोण दर महिन्याला बेसच्या तारा बदलतो, बाप्पा? तारा मेल्या, टोनची नॉब अर्धी बंद असली, की उरतो नुसता गुबगुब. मग साऊंडवाला ईक्यूवर (खालचे-वरचे सूर कमीजास्त करणाऱ्या नॉबवर) खालचा बेस वाढवतो आणि गुबगुब आणखी मोठी होते. ईक्यू असेल तेच वाढवतो. नसलेलं आणायला कुठेतरी थोडी विकृती घडावी लागते, आणि ट्यूब नेमकी तीच घडवते.

नेहमीची १२एएक्स७ ही ट्यूब घ्या. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे भाग, आणि ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर (जास्तीत जास्त किती पट वाढवेल तो आकडा) १००. सिग्नल वाढवत नेला की लाटेची एक बाजू दुसरीच्या आधी दबू लागते, तीही एकदम चिरल्यासारखी नाही, सावकाश. लाट अशी असमान दबली की सम हार्मोनिक्स तयार होतात आणि त्यात दुसरा सगळ्यात ठळक असतो, म्हणजे ४१ च्या जोडीला ८२. तीन टक्के दुसरा हार्मोनिक म्हणजे मूळ सुरापेक्षा सुमारे ३० डेसिबल खाली. एकट्याने ऐकलं तर फाटल्यासारखं काहीच वाटणार नाही. बँडमध्ये मात्र बेसला कड येते. शिवाय हलक्या हाताने वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोर दिला तर दाट, असं ते बोटांच्या हिशेबाने कमीजास्त होतं. मला ट्यूब आवडते ती यासाठी. जुन्या रेडिओशी माझं काही देणंघेणं नाही.

मंडपात टोन ऐकायला कोणी येत नाही, हे शंभर टक्के खरं. लोक गाणं ऐकायला येतात. पण आपल्या ऑर्केस्ट्रात आर. डी. बर्मन यांच्या गाण्यांशिवाय रात्र सरत नाही, आणि टोनी वाझ यांच्यासारख्यांनी वाजवलेला बेस त्या गाण्यांच्या पोटात आहे. तो कळला नाही तर गाणं ओकंबोकं वाटतं. का, ते श्रोत्याला सांगता येत नाही, एवढंच.

उन्हाचं म्हणणं मात्र मला अजिबात पटलं नाही. चालू ट्यूबचा कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारा भाग, ७०० ते ८०० अंश सेल्सियसला तापलेला असतो, त्याला आपल्या मे महिन्यातले ४६ अंश काय सांगता! उन्हाने मरतात ते आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि ते तुमच्या ट्रान्झिस्टरवाल्या पेडलमध्ये आणि डिजिटल मिक्सरमध्येही असतात. म्हणून डबा पॉवर ॲम्पवर ठेवू नका, दुपारच्या साऊंडचेकनंतर उन्हात सोडून चहाला जाऊ नका. ट्यूबला खरा त्रास उन्हापेक्षा सबवूफरचा. स्टेजच्या फळ्या थरथरल्या की आतले नाजूक भाग हलतात आणि ट्यूब मायक्रोफोनसारखी वागू लागते. आवाज बेताचा ठेवून काचेवर पेन्सिलीने हलकी टिचकी मारा. स्पीकरमधून टणकारा आला तर ती ट्यूब घरच्या रेकॉर्डिंगला ठेवा आणि स्टेजसाठी दुसरी लावा. डब्याखाली जाड फोमचा तुकडा, हा सगळ्यात स्वस्त इलाज.

विजेबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. २३० व्होल्टऐवजी १९० आले आणि आत रेग्युलेटर नसला, तर ६.३ व्होल्टचा हीटर ५.२ वर येतो आणि प्लेटचे, म्हणजे ते इलेक्ट्रॉन ओढून घेणाऱ्या भागाचे, २५० व्होल्ट २०६ च्या आसपास. ट्यूब लगेच मरत नाही, पण हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची मोकळी जागा, घटते आणि तीच नॉब, तोच हात असूनही आवाज लवकर फाटतो. घरी ठरवलेलं सेटिंग कार्यक्रमात वेगळं का ऐकू येतं, याचं एक उत्तर इथे आहे. छोटा स्टॅबिलायझर सोबत ठेवला तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

त्याहून मोठी कटकट घुंऽऽ आवाजाची. आंबेडकर जयंतीच्या दिवसांत नागपुरातल्या इंदोऱ्याकडे भीमगीतांच्या कार्यक्रमाला वाजवलं असेल तर तुम्ही हे भोगलंच असणार. एप्रिलचा उकाडा, पाहुण्यांसाठी स्टेजच्या कडेला कूलर, त्याच लाइनवर लाइटचे डिमर आणि त्याच बोर्डावर आपला प्रीॲम्प. त्यात प्लगच तुटलेला, उघड्या वायरी काड्या खोचून सॉकेटमध्ये अडकवलेल्या. मग अर्थिंग कुठलं? आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तिसऱ्या फ्रेटवरचा खालचा जी ४९ हर्ट्झचा. म्हणजे गायकाने पांढरी पाच, म्हणजे जी, धरली की तुमचा षड्ज आणि लाइनचा घुंकार यांच्यात एकाच हर्ट्झचं अंतर उरतं आणि सूर सेकंदाला एकदा डोलू लागतो. वर १०० हर्ट्झचा घुंकार असतो, तो ९८ च्या जीशी भांडतो. बेसवाला बेसूर आहे असं गायक वळून पाहतो! १२एएक्स७ चा गेन मोठा, त्यामुळे आत शिरलेला कचराही ती इमानदारीने मोठा करते. तेव्हा कूलरचा बोर्ड वेगळा मागा, प्रीॲम्प आणि मिक्सर एकाच ठिकाणाहून वीज घेतील असं पाहा, डीआय बॉक्सचा (बेसचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणाऱ्या डबीचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे सिग्नलच्या वायरीतला अर्थ तोडणारं बटण, वापरा. पण घुंकार जावा म्हणून प्रीॲम्पच्या प्लगची तिसरी पिन कधीच काढू नका. आत अडीचशे व्होल्ट डीसी असतात आणि तुम्ही घामेजल्या हातांनी लोखंडी तारा धरून उभे असता.

लाइव्हचा माझा नियम असा, की ट्यूबवर सगळी भिस्त ठेवायची नाही. बेसमधून आधी साध्या डीआय बॉक्समध्ये जायचं. त्याचा स्वच्छ सिग्नल मिक्सरच्या एका चॅनेलवर, आणि त्याच्या थ्रूमधून (तोच सिग्नल जसाच्या तसा पुढे देणाऱ्या सॉकेटमधून) प्रीॲम्प, तो दुसऱ्या चॅनेलवर. ट्यूबने दगा दिला तर साऊंडवाला तो फेडर खाली ओढतो आणि गाणं थांबत नाही. इथे एक फसगत ठरलेली. ट्रायोडची नेहमीची एक पायरी सिग्नल उलटा करते. पायऱ्या विषम असल्या आणि पुढे कुठे तो सरळ केला नसला, तर दोन्ही चॅनेल एकत्र येताच खालचा बेस एकमेकांना खातो आणि आवाज पत्र्यासारखा होतो. मग ट्यूब पातळ वाजते म्हणून तिला शिव्या पडतात. साऊंडवाल्याला एका चॅनेलवर पोलॅरिटीचं, म्हणजे सिग्नल उलटा करणारं, बटण दाबून पाहायला सांगा. ज्यात बेस भरून येईल ते ठेवा.

प्लगइनबद्दल आपलं भांडणच नाही. मिक्स करताना एखादा चांगला प्लगइन आणि खरी ट्यूब यांतला फरक मला दर वेळी ओळखता येईल, असा दावा मी करणार नाही. माझी अडचण वाजवतानाची आहे. हेडफोनमध्ये कोरडा, बिनकडेचा आवाज आला की हात नकळत जास्त जोर लावतो आणि लय ताठरते. प्लगइनमधून ऐकत वाजवावं तर बफर, म्हणजे संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो तो उशीर, आडवा येतो. ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल म्हणजे एका बाजूचे ५.८ मिलिसेकंद, जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे मी ट्यूबमधून ऐकत वाजवतो आणि स्वच्छ डीआयचा ट्रॅक शेजारी साठवून ठेवतो. नंतर त्या स्वच्छ ट्रॅकवर हवा तो प्लगइन टाका, माझी हरकत नाही.

जेमरसन यांचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण अर्धंच. मोटाउनच्या स्टुडिओत ते थेट कन्सोलमध्ये वाजवत, बरोबर. कार्यक्रमांना मात्र त्यांच्याकडे अँपेग बी-१५ असे, म्हणजे ट्यूबचाच ॲम्प. आणि स्टुडिओतला तो थेट सिग्नल शेवटी टेपवर जात होता. टेप दाबून भरली की तीही हार्मोनिक्स जोडते, मुख्यतः तिसरा. त्या काळी कोरा करकरीत सिग्नल श्रोत्यापर्यंत पोचतच नव्हता. तुमच्या लॅपटॉपमध्ये तो पोचतो. त्यांची एक तर्जनी आणि जुन्या फ्लॅटवाउंड तारा मात्र कुठल्याच डब्यात मिळत नाहीत, एवढं तुमच्या बाजूने मान्य.

आता तुमचा खरा प्रश्न. मॉडेलचं नाव लिहिलं नाहीत, म्हणून अंदाजाने सांगतो. काही स्वस्त डब्यांत ट्यूबला जेमतेम १२ ते ५० व्होल्ट प्लेटवर मिळतात. खिडकीतून काच चमकताना दिसते, बरेचदा मागे नारिंगी एलईडी लावून, पण हेडरूम जवळपास नसते. बारा व्होल्टचा अडॅप्टर आहे म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नका, कारण काही चांगले डबे त्याच अडॅप्टरवर आत व्होल्टेज चढवून दोनशेच्या वर नेतात. माहितीपुस्तिकेत प्लेट व्होल्टेज दिलंय का पाहा. स्वतः उघडून मोजायला जाऊ नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहतो, ते काम ॲम्प दुरुस्त करणाऱ्याचं.

डबा गिटारसाठीचा असेल तर दुखणं आणखी वेगळं. गिटारच्या प्रीॲम्पमध्ये कॅथोडवर बरेचदा ०.६८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, मुद्दाम खालचा भाग कमी करायला. बेसच्या सर्किटमध्ये तिथे २५ च्या आसपासचा मोठा लागतो. ०.६८ वाल्यात बेस लावला की खालचं पातळ होतं, आपण ते भरून काढायला गेन चढवतो आणि आवाज फाटतो.

डबा बेसचाच आणि व्होल्टेजही बरं असेल, तर इनपुटला पॅडचं, म्हणजे आत येणारा सिग्नल कमी करणारं, बटण शोधा. ॲक्टिव्ह बेसचा सिग्नल दांडगा असतो, त्याला ते दाबूनच ठेवायचं. पॅड नसेल तर पहिल्या जागी १२एएक्स७ काढून १२एयू७ लावून पाहा. पिना त्याच, हीटर तोच, ॲम्प्लिफिकेशन फॅक्टर मात्र १०० ऐवजी २० च्या खालीवर. बहुतेक प्रीॲम्पमध्ये ही अदलाबदल चालते. आधी बंद करा आणि ट्यूब गार होऊ द्या.

आणि हो, यातलं काहीही करण्याआधी बेसच्या पाठीमागचं झाकण उघडून ९ व्होल्टची बॅटरी बदला. ती उतरली की बेसच्या आतलं सर्किटच सिग्नल छाटायला लागतं, आणि बोल ट्यूबला लागतो.