ढाक्यात मी पाणीच मागतो

परवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुन्हा तेच सुरू झालं. एकानं लिहिलं, बांगलादेश म्हणजे दुसरा पाकिस्तान, ९० टक्के तेच लोक, तू राहतोस तरी कसा. डोकंच फिरलं. मी अकरा वर्षं ढाक्याच्या उत्तरा नावाच्या भागात राहतो, रोज जवळच्या गाझीपूरला फॅक्टरीत जातो, आणि इचलकरंजीत बसून हा मला ढाका सांगणार.

दुसरा पाकिस्तान? अरे, उर्दू लादली म्हणून १९५२ ला गोळ्या खाल्ल्या ते मुसलमानच होते ना, आणि १९७१ ला फुटून निघाले तेही बहुतेक तेच. राष्ट्रगीत टागोरांचं. १९८८ ला इस्लाम राष्ट्रधर्म झाला हे खरंय, पण २०११ ला धर्मनिरपेक्षता पण राज्यघटनेत परत आणली, दोन्ही एकाच घटनेत.

रमजानात आमच्या फ्लोअरवर पेपर पसरून मुरी म्हणजे चुरमुरे, छोला म्हणजे हरभरे आणि पियाजू म्हणजे डाळ-कांद्याची भजी एकत्र कालवतात, अजान व्हायच्या आधीच माझा वाटा काढून ठेवलेला असतो. इचलकरंजीत गल्लीच्या टोकाला मोमीन मुसलमानांचे माग होते, बाबांचा त्यांच्याशी रोजचा व्यवहार, पण त्यांच्या घरात मी कधी घोटभर पाणी प्यायलो नाही. हे मी ग्रुपवर लिहिलं नाही.

पाण्यावरून आठवलं. इथं मुसलमान पानी म्हणतात, हिंदू जल, त्याचा उच्चार जोल. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये मी आपलं सवयीनं पानी मागितलं तर अकाउंट्सचा हिंदू सहकारी चमकून बघायला लागला. त्याला सांगितलं, मराठीत पाणीच म्हणतात. तो म्हणाला, मग तुम्हाला सोपं आहे दादा.

सोपं का, ते तेव्हा कळलं नव्हतं. १९५१ ला इथं हिंदू २२ टक्के होते, २०२२ च्या जनगणनेत ८ पण भरत नाहीत. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सरकार पडलं, ठिकठिकाणी हिंदूंच्या घरांवर हल्ले झाले, तेव्हा त्या सहकाऱ्याच्या गावात देवळावर रात्री पहारा होता, पहाऱ्याला शेजारचे मुसलमान पण होते. हे दोन्ही त्यानंच सांगितलं, आणि म्हणाला, तुमच्याकडे पासपोर्ट आहे, आम्ही कुठं जाणार, घर तर हेच.

त्याच आठवड्यात मी बायको-पोरांना गावी पाठवलं आणि ग्रुपवर लिहिलं, सगळं ठीक आहे. त्या रात्री पहिला फोन आला तो दुसरा पाकिस्तान म्हणणाऱ्या ह्याच मित्राचा. गाडी घेऊन पुण्याला न्यायला येतो म्हणाला, तू पण निघ. मी निघालो नाही.