मॉर्गनचं श्रेय मी का काढून घेणार नाही (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. व्हॉलीबॉलच्या जन्मावरच्या लेखाखाली तुम्ही चांगलंच झोडपलंय, म्हणून उत्तरही जरा लांब होणार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: विल्यम मॉर्गनने नवीन काहीच केलं नाही, टेनिसची जाळी आणि बास्केटबॉलचा चेंडू घेऊन खिचडी शिजवली; जर्मनांचा फाउस्टबॉल (मुठीने चेंडू पलीकडे मारायचा खेळ) त्याच्या आधीचा; आणि आपण ज्याला व्हॉलीबॉल म्हणतो तो स्मॅशचा खेळ फिलिपिन्सने दिला. तेव्हा 'जनक' ही पदवी मॉर्गनला कशाला?

तिसरा मुद्दा वजनदार आहे. पहिले दोन मला पटत नाहीत.

खिचडीचं बघू. १८९५ साली मॉर्गन मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक या कागद गिरण्यांच्या गावात वायएमसीए या ख्रिस्ती युवक संस्थेचा व्यायाम संचालक होता. त्याच्याकडे येणारी मंडळी म्हणजे पोरं नव्हेत, दिवसभर धंदापाणी करून आलेले पोक्त गृहस्थ. स्प्रिंगफील्डला त्याची ओळख झालेल्या नेस्मिथने १८९१ मध्ये बास्केटबॉल काढला होता, पण त्यातली पळापळ आणि धक्काबुक्की या लोकांना झेपेना. टेनिस म्हटलं तर रॅकेटी आल्या. मग मॉर्गनने त्यातली फक्त जाळी ठेवली आणि ती ६ फूट ६ इंचांवर चढवली. बास्केटबॉलचा चेंडू जड पडला. आतला नुसता ब्लॅडर वापरून पाहिला तर तो फार हलका. शेवटी स्पॉल्डिंग कंपनीकडून नवाच चेंडू बनवून घेतला: वर चामडं, आत रबरी ब्लॅडर, घेर २५ ते २७ इंच, वजन ९ ते १२ औंस. आजचा अधिकृत चेंडू ६५ ते ६७ सेंटिमीटर घेराचा आणि २६० ते २८० ग्रॅमचा. हिशोब करून बघा, तो अजूनही मॉर्गनच्या मापात बसतो. नुसत्या जोडाजोडीला एवढं आयुष्य मिळत नाही.

फाउस्टबॉल जुना आहे, कबूल. पण त्यात चेंडूचा टप्पा पडलेला चालतो. मॉर्गनच्या खेळात चेंडू जमिनीला लागला की संपलं. तुम्ही स्वतः खेळलेले आहात, त्यामुळे या एका नियमाने काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. झेपावून उचललेला चेंडू, सोबत्याला दिलेला पास, सगळं तिथूनच निघतं.

१८९६ मध्ये स्प्रिंगफील्डला व्यायाम संचालकांच्या परिषदेत त्याने प्रात्यक्षिक दाखवलं. पाच-पाच जणांचे दोन संघ. एकाचा कप्तान होल्योकचा महापौर, दुसऱ्याचा गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख! 'मिंटोनेट' हे आधीचं नाव तिथेच बदललं. नियम मात्र आज वाचले तर हसू येईल. बेसबॉलसारख्या नऊ इनिंग, संघात कितीही माणसं, सर्व्हिस चुकली तर आणखी एक संधी, सर्व्हिस कमी पडली तर सोबत्याने ढकलून पलीकडे घालायची मुभा. आणि आपल्या बाजूला चेंडूला कितीही हात लावा, मर्यादाच नाही.

फिलिपिन्सचा धागा मला इथेच सापडतो. १९१० मध्ये वायएमसीएचा एलवूड ब्राउन मनिलाला गेला आणि १९१३ च्या तिथल्या सुदूर पूर्व स्पर्धेत व्हॉलीबॉल होतासुद्धा. १९१६ च्या सुमारास तिथल्या खेळाडूंनी चेंडू उंच उचलून द्यायचा आणि दुसऱ्याने उडी मारून तो खाली हाणायचा, हा डाव बसवला. त्या फटक्याला 'बॉम्बा' म्हणत, मारणाऱ्याला 'बॉम्बरिनो'. होल्योकच्या महापौरांना हे सुचलं नसतं, सुचलं असतं तरी गुडघ्यांनी साथ दिली नसती. पण 'आधी उचल, मग हाण' हे जमलं कारण आपल्या बाजूला चेंडू खेळवायची सोय मूळ नियमांतच होती. टेनिसमध्ये सोबत्याला चेंडू उचलून देता येत नाही. १९२० मध्ये तीन स्पर्शांची मर्यादा आली, आणि पास, लिफ्ट, स्मॅश ही आजची चाल पक्की झाली.

म्हणून फिलिपिन्सला मी दुसरा जन्मदाता म्हणेन, पण पहिल्याला बेदखल करून नाही. आशियाने या खेळाचं पुढे काय केलं हे तर जगजाहीर आहे. १९६४ मध्ये टोकियोत तो ऑलिंपिकमध्ये आला आणि जपानच्या मुलींनी पहिलंच सुवर्ण उचललं. जन्मभूमी अमेरिकेला पुरुषांचं पहिलं सुवर्ण मिळायला १९८४ उजाडलं. मॉर्गनने यातलं काही पाहिलं नाही. वायएमसीए सोडून तो जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाउसमध्ये नोकरी करत राहिला आणि १९४२ मध्ये वारला.

राहिली तुमची शेवटची ओळ, की आपल्या गावांकडचं शूटिंग व्हॉलीबॉल हेच 'खरं जुनं' रूप. लिफ्ट-स्मॅश नाही, हात जोडून चेंडू थेट पलीकडे, एवढं साम्य दिसतं खरं. पण मॉर्गनकडे चेंडू आपल्याच बाजूला हवा तितका खेळवता यायचा, आणि शूटिंगचा जीव नेमका त्याच्या उलट, आल्या चेंडूला तिथल्या तिथे परतवण्यात आहे. त्यामुळे ते जुनं रूप नाही, वेगळी फांदी आहे. तुमच्या भागात शूटिंगला किती टच चालतात, आणि जाळी किती उंच बांधता, तेवढं मात्र जरूर कळवा.